रात्रपाळीला कोण? : इंग्लंडमधील आश्रयगृहांच्या तपासणीचा इतिहास

घरातल्या वृद्ध माणसासाठी वृद्धाश्रम पाहायला गेलेले कुटुंब साधारणपणे ठरलेले प्रश्न विचारते. खोली हवेशीर आहे का, जेवण कसे असते, डॉक्टर किती दिवसांनी येतात, अनामत किती आणि महिन्याचे किती. प्रश्न रास्तच आहेत. पण रात्री दहानंतर या इमारतीत जागे किती जण असतात, आणि काही घडले तर त्यांच्यापैकी निर्णय कोण घेणार, हे सहसा कोणी विचारत नाही. संस्थेकडूनही ते आपणहून सांगितले जात नाही.

इंग्लंडमध्ये अशा संस्थांवर सरकारी देखरेख ठेवण्याची परंपरा जवळजवळ दोनशे वर्षांची आहे. तिथेही हे प्रश्न फार उशिरा आणि बऱ्याचदा माणसे मेल्यानंतर विचारले गेले. त्या दोनशे वर्षांतले अहवाल, चौकशा आणि कायदे ओळीने वाचत गेले की एक गोष्ट पुन:पुन्हा समोर येते. जिथे अनर्थ झाला तिथे नियम बहुधा होतेच. तो नियम पाळला जातो आहे की नाही हे आत राहणाऱ्या माणसाला विचारण्याची पद्धत मात्र नव्हती. हा लेख त्या पद्धतीच्या शोधाचा आहे.

ठरलेला शिधा

१८३४ साली इंग्लंडमध्ये गरिबांविषयीचा नवा कायदा झाला. त्याआधी १६०१च्या कायद्यापासून गरिबांचा भार त्या त्या पॅरिशवर, म्हणजे चर्चच्या गावपातळीवरील विभागावर असे. नव्या कायद्याने अनेक पॅरिश एकत्र करून त्यांचे संघ बनवले, प्रत्येक संघावर निवडून आलेले पालक मंडळ नेमले आणि लंडनमध्ये तीन आयुक्तांचे कार्यालय थाटले. मदत हवी असेल तर वर्कहाऊसमध्ये राहायला यावे, आणि तिथले जिणे बाहेरच्या सर्वांत गरीब मजुराच्या जिण्यापेक्षाही कमी सुखाचे असावे, हे त्यामागचे तत्त्व. ही व्यवस्था धडधाकट आळशांना डोळ्यांपुढे ठेवून रचली गेली. प्रत्यक्षात आत येऊन पडले ते मुख्यतः म्हातारे, आजारी, अपंग, अनाथ मुले आणि टाकलेल्या बायका.

या व्यवस्थेत नियमांची कमतरता नव्हती. कोणी किती वाजता उठावे, कोणाला किती औंस पाव मिळावा, हे सारे छापील तक्त्यात होते. हॅम्पशायरमधल्या अँडोव्हर वर्कहाऊसमध्येही तक्ता होताच. तिथला प्रमुख कॉलिन मॅकडूगल हा वॉटर्लूच्या लढाईत लढलेला माजी सार्जंट-मेजर; त्याची बायको मेट्रन. कठोर शिस्तीचा माणूस मिळाला म्हणून पालक मंडळ निश्चिंत होते. आत राहणाऱ्या पुरुषांना हाडे कुटून खत करण्याचे काम दिले जाई. १८४५मध्ये ह्यू मंडी या मंडळाच्याच एका सभासदाने वाचा फोडली, की कुटायला आलेल्या कुजक्या हाडांवरचे मांस आणि आतला मगज ही माणसे भुकेपोटी खात आहेत. ठरलेल्या शिध्यातलाही वाटा वरच्या वर मारला जात होता.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाचे संस्थापक आणि खासदार थॉमस वॅक्ली यांनी हा प्रश्न संसदेत विचारला, ‘टाइम्स’ने तो लावून धरला आणि १८४६मध्ये संसदीय समिती बसली. पुढच्या वर्षी आयुक्तांचे कार्यालयच बरखास्त होऊन त्या जागी संसदेला अधिक उत्तरदायी असे मंडळ आले. हाडे कुटण्याचे काम बंद झाले. पण अँडोव्हरचा खरा धडा तेव्हा कोणी फारसा घेतला नाही. तपासणी करणारा येई तेव्हा प्रमुखाला भेटे, वही पाही आणि जाई. उपाशी माणूस अंगणात होता, आणि त्याला विचारणे हे तपासणीचे काम आहे असे कोणालाच वाटले नव्हते.

आजाऱ्यांजवळ कोण?

बाहेरच्या माणसाने आत जाऊन पाहण्याची चळवळ उभी केली ती लुइझा ट्वायनिंग यांनी. चहाच्या प्रसिद्ध व्यापारी घराण्यातली ही बाई. घरी पूर्वी काम केलेल्या एका वृद्धेला भेटायला १८५३मध्ये त्या लंडनच्या स्ट्रँड वर्कहाऊसमध्ये गेल्या आणि तिथली स्थिती पाहून हादरल्या. बायकांना नियमित भेटीला येऊ द्यावे, अशी परवानगी त्यांनी मागितली. ती आधी नाकारली गेली. त्यांनी पिच्छा सोडला नाही. १८५८मध्ये त्यांच्या पुढाकाराने वर्कहाऊसना भेटी देणारी संस्था स्थापन झाली. या बायकांच्या हाती कसलाही अधिकार नव्हता. त्या खाटेजवळ बसत, वाचून दाखवत, ऐकून घेत. सरकारी अहवालात न आलेल्या कितीतरी गोष्टी त्यांच्यामुळे बाहेर आल्या.

त्यातली सर्वांत मोठी गोष्ट शुश्रूषेची होती. वर्कहाऊसच्या आजारी दालनांत परिचारिका म्हणून काम करीत त्या तिथल्याच निराधार बायका. बहुतेक स्वतः वृद्ध, काही अक्षरशत्रू, त्यामुळे औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी वाचण्याची सोय नाही. मोबदला म्हणून जास्तीचे अन्न किंवा बिअर मिळे. १८६४-६५मध्ये लंडनच्या वर्कहाऊसमधील दोन रुग्णांच्या मृत्यूंचा बोभाटा झाला. ‘लॅन्सेट’ने डॉक्टरांची एक समिती नेमून शहरातल्या अशा दालनांची पाहणी केली आणि ती छापली. इमारती, हवा, सांडपाणी यांबरोबरच ‘इथे सेवा कोण करते?’ हा प्रश्न तिने मध्यभागी आणला.

त्याच सुमारास लिव्हरपूलमध्ये एक प्रयोग सुरू झाला. विल्यम रॅथबोन या धनिकाने खर्च उचलला आणि १८६५मध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या शाळेत शिकलेल्या १२ परिचारिका अॅग्नेस जोन्स यांच्या हाताखाली ब्राउनलो हिल वर्कहाऊसच्या रुग्णालयात आल्या. रुग्ण हजाराहून अधिक. जोन्स दिवसभर दालनांतून फिरत, रात्रीही फेरी मारत. त्या आल्यावर तिथे नेमके काय बदलले, तर इमारत तीच राहिली, रुग्ण तेच राहिले. पण काम शिकलेले हात आले आणि त्या हातांकडे लक्ष ठेवणारी एक जबाबदार व्यक्ती आली. १८६८मध्ये टायफसने त्यांचा मृत्यू झाला तेव्हा त्या अवघ्या ३५ वर्षांच्या होत्या. वर्कहाऊसमध्ये तिथल्याच निराधारांकडून शुश्रूषा करवून घेण्यास बंदी करणारा सरकारी आदेश यायला मात्र १८९७ साल उजाडले. म्हणजे गोष्ट कळल्यापासून नियम होईपर्यंत तीस वर्षे गेली.

हॉटेल आणि पाहुणे

१९०९च्या १ जानेवारीपासून सत्तरी ओलांडलेल्या गरिबांना आठवड्याला ५ शिलिंगपर्यंत निवृत्तिवेतन मिळू लागले. १९३०मध्ये पालक मंडळे गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर मजूर पक्षाच्या सरकारने १९४८च्या राष्ट्रीय साहाय्य कायद्याने जुनी व्यवस्था कागदोपत्री संपवली. आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन यांची कल्पना अशी, की वर्कहाऊसचा प्रमुख आणि कैद्यासारखा राहणारा निराधार हे नाते संपून हॉटेलचा व्यवस्थापक आणि पाहुणा असे नाते यावे. लहान घरे, फार तर पंचवीस-तीस माणसांची.

ही कल्पना कितपत उतरली हे पाहायला समाजशास्त्रज्ञ पीटर टाउनसेंड १९५०च्या दशकाच्या अखेरीस निघाले. इंग्लंड आणि वेल्समधल्या १७३ संस्थांना त्यांनी भेट दिली. व्यवस्थापकांच्या मुलाखती घेतल्या, तशाच तिथे राहणाऱ्या वृद्धांच्याही घेतल्या. एका जुन्या वर्कहाऊसमध्ये तर त्यांनी काही दिवस वृद्धांना आंघोळ घालणाऱ्या मदतनिसाचे काम केले. १९६२मध्ये त्यांचे ‘द लास्ट रेफ्यूज’ हे पुस्तक आले. पाट्या बदलल्या होत्या, पण हजारो वृद्ध त्याच जुन्या इमारतींत, लांबलचक दालनांत, खाटेला खाट लावून राहत होते. नव्या चांगल्या घरांतही लोकांना करायला काही नव्हते, दार लावून बसायला जागा नव्हती आणि शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाशी ओळख नव्हती. टाउनसेंड यांच्या कामाचे मोल माझ्या मते निष्कर्षांइतकेच रीतीत आहे. आंघोळीच्या वेळी वृद्ध माणसाशी कसे बोलले जाते, हे कार्यालयात बसून कळत नाही.

अडतीस मानके

१९८०च्या दशकात चित्र झपाट्याने पालटले. खासगी घरांत राहणाऱ्या गरीब वृद्धांचा खर्च सामाजिक सुरक्षा निधीतून भागवता येऊ लागला. १९७९मध्ये सुमारे १ कोटी पौंड असलेला हा खर्च दशकभरात १ अब्ज पौंडांच्या पलीकडे गेला. किनाऱ्यावरच्या गावांतली जुनी लॉज आणि हॉटेले पाहता पाहता वृद्धगृहे झाली. १९८४मध्ये नोंदणीचा नवा कायदा झाला आणि त्याच साली लेडी अॅव्हबरी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ‘होम लाइफ’ ही आचारसंहिता तयार केली. राहणाऱ्याचा सन्मान, खासगीपण, स्वतः निर्णय घेण्याचा हक्क हे शब्द तिच्यामुळे तपासणीच्या भाषेत आले.

तपासणी मात्र प्रत्येक स्थानिक प्रशासनाची वेगळी. एका जिल्ह्यात चालते ते शेजारी चालत नाही. म्हणून २००० साली केअर स्टँडर्ड्स कायदा झाला आणि वृद्धगृहांसाठी देशभर ३८ किमान मानके ठरली. नव्या एकेरी खोलीचे क्षेत्रफळ किमान १२ चौरस मीटर, २००५पर्यंत निम्म्या काळजीवाहकांकडे ठरावीक पात्रता, व्यवस्थापकाची नोंदणी, तक्रारीची पद्धत असे बरेच काही त्यांत होते. लहान घरांच्या मालकांनी ओरड केली, की खोल्या वाढवायच्या तर घर बंदच करावे लागेल. सरकारने जुन्या घरांपुरती माघार घेतली. तपासणीची यंत्रणाही धड स्थिरावली नाही. १ एप्रिल २००२ला सुरू झालेला आयोग रद्द करण्याची घोषणा त्याच महिन्यात झाली. २००४मध्ये दुसरा आयोग आला, २००९मध्ये तिसरा, तो म्हणजे आजचा केअर क्वालिटी कमिशन.

खोलीचे क्षेत्रफळ फूटपट्टीने मोजता येते, प्रमाणपत्रे मोजता येतात. म्हणून तपासणी नकळत तिकडे झुकते. रात्रीच्या एका प्रसंगात काय होईल, हे फूटपट्टीने मोजता येत नाही.

नऊ मिनिटे

स्कॉटलंडची तपासणी यंत्रणा इंग्लंडपेक्षा वेगळी आहे; पण ग्लासगोजवळच्या अडिंगस्टन गावातली घटना साऱ्या ब्रिटनला हलवून गेली. ३१ जानेवारी २००४च्या पहाटे तिथल्या रोझपार्क केअर होममध्ये बोळातल्या एका कपाटात विजेच्या दोषामुळे आग लागली. १४ वृद्ध मृत्युमुखी पडले. आग फार मोठी नव्हती. धूर मोठा होता. बऱ्याच खोल्यांची दारे उघडी होती आणि धूर थेट आत गेला.

धोक्याची घंटा वाजली होती. पण अग्निशमन दलाला फोन गेला तो नऊ मिनिटांनी. रात्रपाळीच्या बायका आधी आग कुठे आहे ते शोधत राहिल्या. त्यांना दोष देणे सोपे आहे. मृत्यूंची चौकशी करणाऱ्या न्यायाधीशांनी २०११मध्ये दिलेल्या निर्णयाचा रोख मात्र वर होता. आगीच्या धोक्याचे व्यवस्थापनच मुळात गंभीरपणे सदोष होते, असे त्यांनी नोंदवले. धोक्याचा नीट विचार झालेला नव्हता आणि रात्री आग लागली तर काय करायचे याची योग्य तालीम नव्हती. घरात घंटा होती, तिचा फलक होता, तपासणी करणारेही येऊन गेलेले होते. पण ‘घंटा वाजताच आधी फोन करा’ हे एक वाक्य रात्रपाळीच्या अंगवळणी पाडणारा कोणी नव्हता.

सुरक्षितता, मनुष्यबळ आणि नेतृत्व हे तीन विषय आपण कागदावर वेगळे लिहितो. रोझपार्कच्या बोळात त्या पहाटे ते तिन्ही एकच होते.

रिकामी खुर्ची

माणसे पुरेशी असली म्हणजे भागते का, या प्रश्नाचे उत्तर ब्रिस्टलजवळच्या विंटरबोर्न व्ह्यू या संस्थेने दिले. तांत्रिकदृष्ट्या हे खासगी रुग्णालय; बौद्धिक अक्षमता असलेल्या २४ जणांच्या निवासाची तिथे सोय होती. सरकारी निधीतून माणशी आठवड्याला सरासरी ३,५०० पौंड भरले जात. एवढ्या पैशात कर्मचाऱ्यांची टंचाई हे कारण सांगता येत नव्हते. ३१ मे २०११ला बीबीसीच्या ‘पॅनोरामा’ कार्यक्रमात ओळख लपवून तिथे नोकरीला लागलेल्या पत्रकाराने टिपलेली दृश्ये देशाने पाहिली. रुग्णांना मारणे, जमिनीवर दाबून धरणे, थंडीत पाणी ओतणे. ११ कर्मचारी दोषी ठरले, त्यांपैकी सहा जण तुरुंगात गेले.

तिथल्याच एका वरिष्ठ परिचारकाने आधी संस्थेला आणि मग केअर क्वालिटी कमिशनला लेखी कळवले होते. दखल घेतली गेली नाही. आयोगाला पुढे माफी मागावी लागली. नंतरच्या चौकशीत दोन गोष्टी ठळकपणे आल्या. एक, कायद्याने बंधनकारक असलेला नोंदणीकृत व्यवस्थापक तिथे बराच काळ नव्हताच. दोन, नातेवाइकांना रुग्णांच्या खोलीपर्यंत जाऊ दिले जात नसे. भेट बाहेरच्या खोलीत. ट्वायनिंगबाईंनी दीडशे वर्षांपूर्वी उघडायला लावलेले दार इथे पुन्हा बंद झाले होते. बारा-बारा तासांच्या पाळ्या, सतत बदलणारी माणसे, बेताचे प्रशिक्षण, आणि त्यांच्यावर कोणाचाही डोळा नाही. मारणारे हात खालच्या पगाराचे होते. ती खुर्ची रिकामी ठेवण्याचा निर्णय त्यांचा नव्हता.

त्याच वर्षी सदर्न क्रॉस ही ब्रिटनमधली सर्वांत मोठी वृद्धगृह कंपनी कोसळली. सुमारे ७५० घरे आणि ३१ हजार रहिवासी. इमारती विकून त्याच भाड्याने घेण्याच्या व्यवहारात भाडे वाढत गेले आणि उत्पन्न घटत गेले. घराचे नेतृत्व म्हणजे फक्त घरातला व्यवस्थापक नव्हे, मालकाच्या हिशेबाच्या वहीतही ते असते, हे तेव्हा उमगले.

पाच प्रश्न

या धक्क्यांनंतर २०१४पासून आयोगाने तपासणीची रीत बदलली. प्रत्येक संस्थेबाबत पाच प्रश्न : ती सुरक्षित आहे का, परिणामकारक आहे का, जिव्हाळ्याची आहे का, गरजेप्रमाणे वागते का, आणि तिचे नेतृत्व चांगले आहे का. त्यावरून चार श्रेणी, आणि ती श्रेणी संस्थेने दर्शनी भागात लावायची. मनुष्यबळाबाबत नियम सांगतो, की पुरेसे, पात्र आणि अनुभवी कर्मचारी असले पाहिजेत. किती रहिवाशांमागे किती, हा आकडा त्यात नाही. अंथरुणाला खिळलेल्या दहा जणांची आणि हिंडत्याफिरत्या दहांची गरज सारखी नसते, हे त्यामागचे कारण. त्याचा दुसरा अर्थ असा, की ‘पुरेसे’ ठरवण्याची जबाबदारी पुन्हा व्यवस्थापकावरच येते.

आणि माणसेच नसतील तर? २०२१-२२मध्ये इंग्लंडच्या प्रौढ देखभाल क्षेत्रात १ लाख ६५ हजार जागा रिकाम्या होत्या. फेब्रुवारी २०२२मध्ये काळजीवाहकांसाठी परदेशी व्हिसा खुला झाला. भारत, नायजेरिया, झिंबाब्वे येथून हजारो लोक गेले. जुलै २०२५मध्ये परदेशातून नव्या भरतीचे हे दार बंद झाले. तपासणी यंत्रणेचीही दमछाक झाली. डॉ. पेनी डॅश यांच्या २०२४च्या पाहणीत आढळले, की आयोग ज्यांना श्रेणी देऊ शकतो अशा दर पाच ठिकाणांपैकी सुमारे एकाला ती कधी मिळालेलीच नव्हती. म्हणजे उत्तम प्रश्न तयार आहेत, पण ते विचारायला माणूस दारापर्यंत पोहोचत नाही, अशी आजची स्थिती.

आपल्या दारात

हा इतिहास आपल्याला दूरचा नाही. ६ ऑगस्ट २००१च्या पहाटे तमिळनाडूतल्या एरवाडी येथे मनोरुग्णांच्या निवाऱ्याला आग लागून २८ जण मेले. त्यांना साखळदंडाने बांधलेले होते. आणि दुसऱ्या बाजूचे उदाहरणही आपल्याकडेच आहे. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या ‘कोशिश’ प्रकल्पाने बिहार सरकारसाठी २०१७-१८मध्ये तिथल्या ११० निवारागृहांचे सामाजिक लेखापरीक्षण केले. मुझफ्फरपूरच्या मुलींच्या गृहातले अत्याचार त्यातून उघड झाले आणि २०२०मध्ये मुख्य आरोपीला जन्मठेप झाली. सरकारी अधिकारी तिथे त्याआधीही येऊन जात होते. लेखापरीक्षक वह्यांपाशी थांबले नाहीत, ते मुलींशी बोलले.

ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा आपला २००७चा कायदा प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांची सोय असलेले एक वृद्धगृह सुचवतो. त्याच्या १९व्या कलमात राज्य सरकारला वृद्धगृहांसाठी मानके ठरवण्याचीही मुभा आहे. नोंदणी आणि किमान मानके यांची तरतूद असलेले दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९मध्ये लोकसभेत मांडले गेले. त्याचा कायदा झाला नाही. आपल्या राज्यात वृद्धाश्रम वाढत आहेत. कोणी श्रद्धेने चालवतो, कोणी व्यवसाय म्हणून. दोघांच्याही इमारतीत रात्र होतेच.

मानके लिहिली जातील तेव्हा खोलीचे क्षेत्रफळ आणि स्वच्छतागृहांची संख्या त्यांत येईलच. इंग्लंडने मोठी किंमत मोजून शिकलेल्या चार-दोन ओळीही त्यांत याव्यात. रात्रपाळीच्या माणसांची नावे दर्शनी फलकावर असावीत आणि आगीची तालीम त्यांनी रात्रीच करावी. व्यवस्थापकाची जागा रिकामी राहिली तर किती दिवसांत कोणाला कळवायचे ते ठरलेले असावे. तिथल्या मावशींनी तक्रार केली तर त्यांची नोकरी जाणार नाही, अशी तजवीज असावी. नातेवाइकाला खाटेपर्यंत जाता यावे. आणि तपासणीला येणाऱ्याने वही उघडण्याआधी, व्यवस्थापक जवळ नसताना, तिथे राहणाऱ्या दोघा-तिघांजवळ बसावे आणि काल रात्री हाक मारल्यावर कोण आले ते विचारावे.